नऊ पंचावन्नचा मेसेज

माझ्या फोनमध्ये दिवसातनं पाच अलार्म वाजतात. ६:२०, ९:५५, १२:५५, ३:२५ आणि रात्री ९:३०. दुकानात माझ्या शेजारी बसणाऱ्या मॅडमना आता सवय झालीये, ९:५५ ला वाजला की त्याच म्हणतात, भावाचा टाइम झाला गं. हो, भावाचाच टाइम असतो तो. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत त्याच्या कंपनीत १० ला चहाची सुट्टी होते, मोबाईल लाइनवर न्यायला बंदी आहे म्हणून फोन लॉकरमध्ये, सुट्टी झाली की पोरं आधी लॉकर उघडतात, फोन घेतात आणि मग गेटबाहेरच्या टपरीकडे निघतात. लॉकरपासून टपरीपर्यंत चालायला चार मिनिटं लागतात. माझा मेसेज त्या चार मिनिटांसाठी असतो, टपरीवर जाऊन त्याने सिगरेट पेटवू नये म्हणून.

भावाला घरात सगळे छोट्या म्हणतात, इथेही तेच लिहिते. २१ वर्षांचा आहे. डिप्लोमा झाला, ट्रेनी म्हणून लागला, मी लग्न होऊन म्हसरूळला आणि तो आईबाबांसोबत सिडकोत, त्यामुळे भेट आठवड्यातून एकदा, ती पण जेवणाच्या ताटावर. सिगरेट त्याने १७ व्या वर्षी सुरू केली होती आणि मला ते चार वर्षांनी कळलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

कळलं कसं, तर मागच्या दसऱ्याला आम्ही सगळे पांडवलेणीला गेलो होतो. पायऱ्या चढताना हा तीनदा थांबला. दहावीत असताना हाच पोरगा सायकलवर सिडकोतून त्र्यंबकेश्वरला जाऊन दुपारच्या जेवणाला घरी यायचा, आणि आता माझी पाच वर्षांची मुलगी वरून मामा मामा ओरडतेय आणि हा कठड्याला टेकून श्वास घेतोय. मी त्याच्या शेजारी बसले. काही विचारलं नाही, वास येत होता. तोच म्हणाला, "ताई, आठ होतात दिवसाला. नाइट असली की दहा." आईला सांगू नको असं म्हणाला नाही, पण डोळ्यात तेच होतं.

आमच्या घराला तंबाखू नवीन नाहीये. आजी सिन्नरची. सिन्नरच्या किती घरांचं पोट विड्यांवर चाललं हे तिकडच्या माणसांना सांगायला नको. आजी मांडीवर सूप घेऊन बसायची, तेंदूची पानं भिजवलेली, फर्मा ठेवून कात्रीने पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, दोरा, की झाली विडी, आणि बोटं इतकी भरभर चालायची की लहानपणी मला ती जादूच वाटायची. आजीने आयुष्यात एक विडी ओढली नाही पण तंबाखूची धूळ तिच्या लुगड्यात, केसात, घरातल्या चादरीत असायची. आजोबा ओढायचे. शेवटची सहा वर्षं आजोबा आडवे झोपू शकले नाहीत, उशांना टेकून बसूनच झोपायचे. तो खोकला मला माहितीये, छोट्याला माहिती नाही, तो तेव्हा दोन वर्षांचा होता.

म्हणून मी सुरुवातीला जे केलं ते भीतीपोटी केलं. पांडवलेणीवरून घरी आल्यावर त्याच रात्री त्याला व्हॉट्सअॅपवर तोंडाच्या कॅन्सरचे फोटो पाठवले, एक नाही, सात. खाली लिहिलं, बघ आणि विचार कर. त्याने मला दोन दिवस ब्लॉक केलं. तिसऱ्या दिवशी फोन करून म्हणाला, "ताई, हे फोटो मी रोज बघतो. पाकिटावर असतात." खरंच आहे की. २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग त्या इशाऱ्याचाच असतो. आणि हा तर बहुतेक वेळा पाकीटच घेत नव्हता, सुटी एकेक घ्यायचा. महाराष्ट्रात सुटी सिगरेट-बिडी विकायला २०२० पासून बंदी आहे, पण कॉलेजबाहेर असो नाहीतर गेटबाहेर, याला ती मिळतच गेली. म्हणजे ना पाकीट हातात, ना त्यावरचा नंबर डोळ्यासमोर.

तो नंबर मी बघितला. १८००-११-२३५६. सप्टेंबर २०१८ पासून प्रत्येक पाकिटावर छापतात, टोल फ्री आहे, तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी क्विटलाइन, मराठीतसुद्धा बोलतात. छोट्याला म्हटलं कर फोन. तो म्हणाला, "कुठून करू? घरून केला तर आई ऐकणार, कंपनीतून केला तर सुपरवायझर ऐकणार, आणि अनोळखी माणसाला काय सांगू, मी सिगरेट पितो म्हणून?" मला त्याचा राग आला होता तेव्हा, पण नंतर विचार केला की २१ वर्षांचं पोरगं दिवसभर कोणाशी बोलतं तरी का, सगळं टाइपच करतं. फोन वाजला तर घाबरतात ही मुलं, मेसेज आला तर वाचतात.

मग मी शोधायला लागले की मेसेजने कोणाची सुटलीये का. आणि सुटलीये. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड युनिव्हर्सिटीच्या लोकांनी केलेला अभ्यास २००५ मध्ये छापून आला, १७०५ जण, बहुतेक तरुण, सगळ्यांना सिगरेट सोडायची होती. निम्म्यांना मोबाईलवर रोज मेसेज, त्यात सल्ला, धीर आणि लक्ष दुसरीकडे वळवणाऱ्या गोष्टी, आणि निम्म्यांना हे काही नाही. सहा आठवड्यांनी मेसेजवाल्यांपैकी २८ टक्के म्हणाले आम्ही ओढत नाही, दुसऱ्या बाजूला १३ टक्के. आता हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आणि फक्त सहा आठवड्यांचं. पण पुढे ब्रिटनमध्ये याहून मोठा अभ्यास झाला, २०११ मध्ये आला, ५८०० जण, आणि त्यात नुसतं तोंडी नाही घेतलं, थुंकी तपासली. निकोटिन शरीरात मोडलं की कोटिनिन तयार होतं ते थुंकीत सापडतं, त्यामुळे खोटं बोलून चालत नाही. सहा महिन्यांनी मेसेजवाल्या गटात १०.७ टक्के लोक सिगरेटपासून लांब, आणि दुसऱ्या गटात ४.९. दुसऱ्या गटालाही मेसेज जात होते, फक्त ते सिगरेट सोडण्याबद्दल नव्हते. म्हणजे नुसता फोन वाजण्याचा तो परिणाम नाही, आत काय लिहिलंय त्याचा आहे.

मी आकड्यांमध्ये काम करते, दिवसभर लेजर बघते, त्यामुळे १०.७ बघून मला आधी धक्काच बसला. म्हणजे १०० मधल्या ८९ जणांची नाहीच सुटली. दोन दिवस मी ते बाजूला ठेवलं. मग असं वाटलं की अंबडच्या त्या टपरीवर सकाळी १० ला निदान ४० पोरं उभी असतात, त्यात काही न करता दोघांची सुटणार असेल आणि मेसेजने चौघांची, तर ते जास्तीचे दोघं कोणाच्या तरी घरचे आहेतच ना. आणि खर्च किती, तर माझ्या रिचार्जमध्ये दिवसाला १०० एसएमएस फुकट येतात जे मी कधी वापरतच नव्हते.

आपल्याकडेही २०१६ च्या जानेवारीत आरोग्य मंत्रालयाने जागतिक आरोग्य संघटनेसोबत एम-सेसेशन म्हणून असाच कार्यक्रम सुरू केला होता, ०११-२२९०१७०१ ला मिस्ड कॉल द्यायचा की मग मेसेज येतात. ही कल्पना मला फार आवडली, मिस्ड कॉल. बोलायचं काहीच नाही, पैसे नाहीत, नुसतं सांगायचं की मी इथे आहे. पण छोट्याचा एसएमएसचा इनबॉक्स मी बघितला तेव्हा कळलं की त्यात लोनच्या ऑफर, ओटीपी, रिचार्ज संपतोय, रमी खेळा, यातून कोणाचा कामाचा मेसेज त्याला दिसणारच नव्हता. म्हणून ठरवलं की मी पाठवते. माझ्या नंबरला त्याने वेगळी टोन लावली, सायकलच्या घंटीची. ती त्याचीच आयडिया.

एसएमएसच का, व्हॉट्सअॅप का नाही, तर त्याच्या शेडमध्ये नेटवर्कची बोंब आहे, डेटा चालत नाही, व्हॉट्सअॅप सगळं संध्याकाळी एकदम येतं. ९:५५ ला पाठवलेला मेसेज ४ ला मिळून काय उपयोग. साधा एसएमएस मात्र पोचतो. आणि लिहायला बसले तेव्हा एक नवीनच गोष्ट कळली, इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात पण देवनागरीत फक्त ७०. आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं वेगळं मोजतात, सिगरेट हा शब्द आपल्याला चार अक्षरी दिसतो पण तिथे सहा धरतात. त्याच्या वर गेलं की मेसेजचे दोन तुकडे. मग मी ७० मध्ये बसवायचं असा नेम केला. त्याचा फायदा असा झाला की उपदेश करायला जागाच उरली नाही. "तलफ आली ना? पाच मिनिटं. गेटच्या आत थांब, पाणी पी, मला कळव." हा ५८ मध्ये बसला, आणि आजपर्यंत सगळ्यात जास्त वेळा मी हाच पाठवलाय.

पाच मिनिटं का ते पण सांगते, कारण हे कळल्यावर माझा सगळा दृष्टिकोन बदलला. सिगरेट ओढली की निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं निम्मं होतं. म्हणजे दोन-अडीच तास झाले की शरीर मागायला लागतं. आता त्याची फर्स्ट शिफ्ट बघा, ७ ला आत, १० ला चहा, १ ला जेवण, साडेतीनला सुटका. सिगरेटचं घड्याळ आणि कंपनीचं घड्याळ एकमेकांना इतकं चिकटलंय की तो स्वतःच सांगू शकत नव्हता की भोंग्यामुळे तलफ येते की तलफेमुळे भोंग्याची वाट बघतो. पण एकेक तलफ काही तासभर टिकत नाही, काही मिनिटं जोरात येते आणि उतरते. ती मिनिटं कशीतरी पार करायची एवढंच काम आहे, आणि ते दिवसातून पाच-सहा वेळा करायचं. सकाळी ७ ला पाठवलेला सुविचार त्या वेळी कुठून आठवणार.

तारीख ठरवली दिवाळीनंतरच्या सोमवारची. त्याच्या आधी आठवडाभर मी फक्त विचारत होते, आत्ता कुठे, कोणासोबत, किती वाजले. तो उत्तर द्यायचा. त्यावरून अलार्म ठरले. ६:२० चा कसा आला माहितीये, कार्तिकातली नाशिकची थंडी तुम्हाला माहितीच आहे, तो पहाटे गाडीवर गारठून गेटवर पोचायचा आणि हात शेकायला म्हणून आधी टपरी. आणि त्याने एक गोष्ट सांगितली जी मला कुठल्याच अभ्यासात सापडली नाही, की थंडीत तोंडातून वाफ निघते ना, ती बघूनच तलफ येते, धुरासारखी दिसते म्हणून. मग ६:२० चा मेसेज ठरला, "मफलर नाकावर घे." बस्स. वाचणाऱ्या कोणालाही वाटेल बहीण काळजी करतेय. आम्हा दोघांना माहिती होतं कशासाठी.

हा लपवण्याचा मुद्दा मी आधी धरलाच नव्हता. लॉक स्क्रीनवर मेसेज दिसतो, बाजूचा वाचतो. म्हणून आम्ही शब्द ठरवले. तो फक्त "त" पाठवणार म्हणजे तलफ आलीये. "ओ" म्हणजे ओढली, आणि पुढे आकडा. ब्रिटनच्या त्या अभ्यासातही असंच होतं, तलफ आली किंवा घसरलं तर एक-एक शब्द पाठवायचा आणि लगेच उत्तर यायचं. तिकडे उत्तर कॉम्प्युटर देत होता. इथे मी. "त" आला की मी हातातलं बिल बाजूला ठेवून उत्तर देते, कधी पाणी पी, कधी लवंग तोंडात टाक, कधी नुसतं कोडं घालते. कधी सायकलचं काहीतरी. एकदा लिहिलं होतं, २०१५ ला आपल्या नाशिकच्या महाजन डॉक्टर भावांनी सायकलवर अख्खी अमेरिका ओलांडली, किती दिवसांत ते सांग. तो पाच मिनिटं शोधत बसला, आणि मला तेवढंच हवं होतं.

तिसरा दिवस सगळ्यात वाईट. हे वाचलेलं होतं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास शिगेला जातो, चिडचिड, झोप नाही, भूक, डोकं चालत नाही, आणि मग दोन ते चार आठवड्यांत हळूहळू कमी होतं. म्हणून मी तिसऱ्या दिवशी सकाळी आईला पण मेसेज केला. तोपर्यंत त्याने स्वतःच आईला सांगितलं होतं, रडारड झाली होती ती वेगळी. आईला लिहिलं, आज तो ओरडेल, तुझ्यावर नाही ओरडत असं समज, पोहे जास्त कर. आणि खरंच रात्री तो वरणात मीठ कमी म्हणून ताट सरकवून उठला. आई काही बोलली नाही. अर्ध्या तासाने तोच स्वयंपाकघरात जाऊन आईच्या हाताने जेवला. आईने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मी दुकानाच्या मागच्या गोडाऊनमध्ये जाऊन रडले.

१९ व्या दिवशी निफाडला त्याच्या मित्राच्या भावाची हळद होती. निफाडची थंडी, रात्रीचे ११, डीजे, सगळी पोरं शेकोटीभोवती. ११:४० ला घंटी वाजली, म्हणजे माझ्याकडे, मी पण तीच टोन लावलीये. "ओ २".

मी खूप मोठा मेसेज टाइप केला. आजोबांचं लिहिलं, पांडवलेणी लिहिली, आईच्या रडण्याचं लिहिलं. पाठवणार होते. मग ते सगळं पुसलं आणि लिहिलं, "बरं. सांगितलंस हे बरं केलंस. ६:२० ला आहे मी." तो काही बोलला नाही. सकाळी ६:२० ला मफलरचा मेसेज गेला आणि ६:२२ ला उत्तर आलं, "घेतला."

नंतर कधीतरी तो म्हणाला, "ताई त्या रात्री तू काही बोलली असतीस ना तर मी पुढच्या वेळी सांगितलंच नसतं, आणि सांगितलं नसतं तर मग कशाला सोडायची." माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे खरं तर. लोक मला विचारतात काय लिहितेस, आम्हाला फॉरवर्ड कर. अहो लिहिण्यात काही नाहीये. त्या मुलाला "ओ" पाठवता आला पाहिजे. आपण घरोघरी काय करतो, पोरगा पकडला गेला की एक मोठं भाषण, शपथ, आईच्या गळ्याची, देवाची, आणि मग जेव्हा तो घसरतो, आणि बहुतेक जण पहिल्या प्रयत्नात घसरतातच, तेव्हा त्याला शपथ मोडल्याचं ओझं होतं, मग तो लपवतो, आणि लपवण्यासाठी पुन्हा टपरीचीच माणसं जवळची होतात. मेसेजला तोंड नसतं, मेसेजमध्ये आवाज चढत नाही. "ओ २" लिहिताना त्याला माझा चेहरा बघावा लागत नाही. तरुण मुलांना याची केवढी गरज आहे ते मला या चार महिन्यांत कळलं.

छोट्याचं बघून त्याचे चार मित्र म्हणाले ताईला सांग आम्हाला पण. मी हौसेने व्हॉट्सअॅप ग्रुप काढला आणि तो पंधरा दिवसांत बंद करावा लागला. ग्रुपमध्ये कोणी "ओ" लिहीतच नाही. पहिल्याने लिहिलं तर बाकीचे चिडवतात नाहीतर म्हणतात चल मग मी पण. एकाची सुटली की दुसऱ्याला कमीपणा. शेवटी एकेकाला वेगळा मेसेज सुरू केला तेव्हा बोलायला लागले.

त्यातला एक सिगरेट सोडून तीन आठवडे झाले, मी खूष, आणि छोट्या म्हणाला ताई तो आता पुडी खातोय. चुना-तंबाखू. मी त्याला रोज विचारत होते सिगरेट ओढलीस का, तो रोज खरं उत्तर देत होता, नाही. चूक माझ्या प्रश्नात होती. आपल्या महाराष्ट्रात हे जास्तच लक्षात ठेवायला पाहिजे, २०१६-१७ च्या सरकारी सर्व्हेत राज्यात धूम्रपान करणारे मोठे लोक ३.८ टक्के आणि तोंडाने तंबाखू खाणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे सिगरेट सोडणाऱ्याच्या आजूबाजूला पुडीवालेच जास्त, हात पुढे केला की मळलेली चिमूट तयार. परदेशातले मेसेज जसेच्या तसे मराठीत करून हे सुटणार नाही. आता मी विचारते, "तोंडात काय?" त्यावर कोणी लवंग म्हणतो, कोणी बडीशेप, आणि एकदा त्या मुलाने लिहिलं, पुडी. तिथून त्याचं वेगळं सुरू केलं. त्याला कॅलेंडर वेगळं लागतं कारण पुडी कामावर असतानाही चालू असते, भोंग्याची वाट बघावी लागत नाही.

आणि एक मुलगी आहे, छोट्याच्या बॅचची, कॉलेज रोडला रूम करून राहते. तिच्याबद्दल जास्त लिहिणार नाही. एवढंच की ती कुठल्याही केंद्रात जाणार नाही, हेल्पलाइनला बोलणार नाही, डॉक्टरांना सांगणार नाही, कारण मुलगा ओढतो म्हटलं तर लोक म्हणतात वाईट सवय आणि मुलगी ओढते म्हटलं की तिचं सगळं आयुष्यच काढतात. तिचा शब्द आहे "चहा". चहा हवाय म्हणजे तलफ. चहा झाला म्हणजे ओढली. तिच्या आईने फोन बघितला तरी त्यात दोन बायका चहाबद्दल बोलतायत एवढंच दिसेल. ती मला अजून भेटलेली नाही. गेल्या आठवड्यात तिने पहिल्यांदा शब्द सोडून पूर्ण वाक्य लिहिलं, "ताई रूममेटने विचारलं परफ्यूम का मारत नाहीस हल्ली."

मेसेजने सगळं होतं असं मी अजिबात म्हणत नाहीये. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला लागते त्याचं शरीर जास्त अडकलेलं असतं, त्याने डॉक्टरांना भेटायलाच पाहिजे, निकोटिनचं च्युइंगम असतं, ते पण नुसतं चघळत राहायचं नसतं, थोडं चावायचं, तिखट लागलं की गालात ठेवायचं, पुन्हा चावायचं. चौघांतल्या एकाला मी तसंच पाठवलं आणि त्याचं च्युइंगम आणि मेसेज दोन्ही चालू आहे. २०१९ ला कोक्रेन नावाच्या, जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेने मेसेजवरचे अभ्यास बघितले, त्यातल्या १३ अभ्यासांत, १४ हजारांच्या वर माणसांत, हेच आलं की जवळजवळ काहीच मदत न मिळणाऱ्यांपेक्षा मेसेजवाल्यांची सुटण्याची शक्यता साधारण दीडपट, आणि दुसऱ्या उपचाराला मेसेजची जोड दिली तर त्यानेही फायदा. स्मार्टफोनच्या अॅपबद्दल मात्र तसा पुरावा त्यांना मिळाला नाही. मला याचं नवल वाटत नाही. अॅप आपण उघडावं लागतं, आणि तलफ आलेली असताना ते कोण उघडतंय. मेसेज स्वतःहून येतो.

पैशांचं पण सांगते कारण पोरांना ते कळतं. आठ सिगरेट म्हणजे त्याचे रोज दीडशेच्या आसपास जायचे, महिन्याला साडेचार हजार, स्टायपेंड १४ हजार. सोडल्यापासून वाचलेले पैसे तो एका डब्यात टाकायचा. पहिला महिना झाल्यावर मी मेसेज केला, डबा मोज. डब्यात ४१०० होते. दुसऱ्या महिन्यात त्याने सेकंडहँड सायकल घेतली. रविवारी सकाळी सोमेश्वरपर्यंत जाऊन येतो, मग मिसळ. त्र्यंबक अजून नाही म्हणतो, चढाला दम लागतो. मी पण घाई करत नाही.

आज ११७ वा दिवस. या ११७ दिवसांत "ओ" चार वेळा आला, शेवटचा ६३ व्या दिवशी. "त" आता दिवसाला एखादा, कधी तोही नाही. खरं तर आता मेसेज कमी करायला हवेत, ब्रिटनवाल्यांनीही पहिले पाच आठवडे रोज पाच आणि नंतर आठवड्याला तीन असे केले होते. मी पण तसं करणार होते या महिन्यापासून.

पण काल त्याने सांगितलं की उद्यापासून त्याची थर्ड शिफ्ट लागतेय, सोडल्यापासून पहिल्यांदाच. रात्री साडेअकरा ते सकाळी सात. नाइट म्हणजे दहा सिगरेटची शिफ्ट होती ती त्याची. २ ला चहा होतो आणि तेव्हा टपरी बंद असते पण एक माणूस सायकलवर थर्मास घेऊन येतो, त्याच्या पिशवीत सगळं असतं. छोट्या म्हणाला ताई तू रात्रीची उठू नकोस, मेसेज आधीच टाइप करून वेळ लावून ठेव, मी वाचेन. ते करता येतं फोनमध्ये, केलंय पण. १:५५, ४:५५. मफलरचा पण ठेवलाय.

उत्तर मात्र वेळ लावून ठेवता येत नाही. म्हणून फोन उशाशी ठेवलाय, घंटी फुल आवाजावर. नवऱ्याला सांगून ठेवलंय की रात्री सायकलची घंटी वाजली तर दचकू नका.